पोट कधी उघडायचं: कोकणात इंटर्नशिपला येणाऱ्यांसाठी

देवगडकडच्या ट्रॉलरवरचा एक खलाशी पहाटे कॅज्युअल्टीत आला, तेव्हा मी इंटर्न होतो. जाळी ओढून कंबर धरायची म्हणून तो उपाशीपोटी दुखण्याच्या गोळ्या खायचा. आदल्या संध्याकाळी समुद्रातच पोटात सुरी खुपसल्यासारखी कळ आली. बंदराला लागेपर्यंत रात्र सरली. "आता जरा बरा वाटता, डॉक्टरांनू," तो म्हणाला. मी ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन त्याला झोपवलं.

चूक माझीच. जठराला किंवा ड्युओडेनमला (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला) भोक पडलं की आम्ल पोटभर पसरतं, म्हणून ती पहिली कळ. काही तासांनी आत पाझरलेल्या पाण्याने आम्ल पातळ होतं, दुखणं उतरतं, आणि नेमकं तेव्हाच जंतू वाढत असतात. आमच्या सर्जन सरांनी येऊन पोटावर हात ठेवला. फळीसारखं कडक. नाडी १३०. उभ्याने काढलेल्या छातीच्या एक्स-रेत उजव्या डायफ्रॅमखाली (छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली) हवेची काळी कोर. (ही कोर प्रत्येक परफोरेशनमध्ये, म्हणजे असं भोक पडल्यावर, दिसतेच असं नाही. एक्स-रे साफ म्हणून पोट साफ समजू नका.)

"भोक कुठंय ते आत गेल्यावर कळेल. आत्ता उघडायचं की नाही एवढंच ठरव," सर म्हणाले. एक्स्प्लोरेटरी लॅपरोटॉमीचं, म्हणजे आत काय झालंय ते शोधायला पोट उघडण्याचं, मर्म हेच.

माडावरून पडलेला किंवा हायवेवर ठोकर बसलेला पेशंट, सोनोग्राफीत पोटात रक्त आणि सलाईन-रक्त देऊनही बीपी टिकत नाही, तर सीटीसाठी थांबायचं नाही. भोसकलं असून आतडं बाहेर आलंय, आतडं अडकून काळं पडत असल्याची शंका आहे, तिथेही तेच. पण प्लीहा फाटूनही बीपी स्थिर असेल, तर सीटी काढून नजर ठेवायची. पुष्कळदा ऑपरेशन लागतच नाही. तरुण बाईच्या पोटदुखीत गर्भधारणेसाठी लघवीतपासणी मात्र कधीच विसरू नका.

ऑपरेशन तुमच्याकडे होणार नसेल, तर घाट चढायच्या किंवा गोव्याकडे निघायच्या आधी शिरेत दोन जाड सुया, रायल्स ट्यूब (नाकातून जठरात जाणारी नळी), कॅथेटर (लघवीची नळी), अँटिबायोटिक झालेलं हवं, आणि पुढच्या सर्जनला फोन.

नातेवाइकांना सरळ सांगा, आत काय सापडेल ते आधी सांगता येत नाही, शौचाची वाट पोटावर काढावी लागू शकते. सरांनी हे सांगितल्यावर खलाशाच्या बायकोने एवढंच विचारलं, "परत बोटीर जातलो मा?"

भोक ओमेंटमच्या (आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्याच्या) तुकड्याने बुजवलं, पोट कोमट सलाईनने धुतलं. तीन महिन्यांनी तो बोटीवर गेला.