दुर्मिळ पाम लावताना या चुका टाळा: बेळगावच्या हवामानात काय बिघडते आणि काय दुरुस्त होते

पाम आपले दुखणे उशिरा सांगतो. जे पान आज उघडते ते कित्येक महिने खोडाच्या टोकाशी, जुन्या पानांच्या देठांच्या आत घडत असते. त्यामुळे नव्या पानावर दिसणाऱ्या पिवळेपणाचे किंवा सुरकुत्यांचे मूळ पुष्कळदा मागच्या ऋतूत असते. हे ध्यानात न घेता केलेल्या घाईच्या औषधोपचाराने आमच्या भागातील जितके पाम गेले असतील, तितके मूळ रोगाने गेले नसावेत, असे माझे मत आहे.

सर्वांत महागडी चूक मात्र लागवडीच्याही आधी, छायाचित्र पाहून रोप निवडताना होते. लाल देठांचा लिपस्टिक पाम हा मलाय द्वीपकल्प, सुमात्रा आणि बोर्निओच्या सखल, दलदलीच्या जंगलांतील आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, येथील डिसेंबर-जानेवारीच्या पहाटा चांगल्याच गार असतात, आणि पारा पंधरा अंशांच्या खाली राहू लागला की या झाडाची वाढ थांबते. माझे पहिले रोप ‘कुठेही येते’ या आश्वासनावर विकत घेतलेले होते. टिळकवाडीतील अंगणात ते पावसाळाभर उत्तम वाढले आणि फेब्रुवारीत त्याचा कोंब हातात आला. मी बुरशीनाशक ओतत राहिलो. खरा घाव जानेवारीत, थंड मातीत संध्याकाळी घातलेल्या पाण्याने बसला होता. आता दुसरे रोप कुंडीत आहे. दिवाळीनंतर ते पडवीत येते, त्याला पाणी सकाळी आणि कोमटसर दिले जाते, आणि होळी झाल्यावरच ते पुन्हा बाहेर जाते.

याउलट मादागास्करचा रुपेरी बिस्मार्क पाम, त्याच बेटावरचा त्रिकोणी पाम आणि मॉरिशसजवळच्या राउंड आयलंडचा बॉटल पाम यांना आमची थंडी फारशी जड जात नाही. त्यांना हवे असते ते दिवसभराचे ऊन आणि पाण्याचा निचरा. बिस्मार्क मुळांना धक्का लागलेला सहन करत नाही, म्हणून जमिनीतून उपटून पोत्यात बांधलेले मोठे झाड घेण्यापेक्षा कुंडीत वाढलेले लहान रोप घ्यावे. गोल, पंख्यासारख्या पानांचा लिक्वाला सावलीतील झाड आहे. पावसाळ्यातील ढगाळ दिवसांत तो उघड्यावर छान दिसतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या कडक उन्हात करपतो. त्याला सप्टेंबरातच झाडाखाली हलवावे.

लावण्याच्या खोलीची चूक नारळाच्या सवयीतून येते. नारळाचे रोप मोठ्या खड्ड्यात खाली बसवून खड्डा पुढे हळूहळू भरण्याची पद्धत आहे. तीच पद्धत इतर पामांना लावली की खोडाचा बुंधा मातीखाली जातो, मुळांना हवा मिळत नाही आणि वर्षभराने नवी पाने फिकट येऊ लागतात. खानापूर, जांबोटीकडच्या तांबड्या मातीत हे एक वेळ खपते, पण चिकोडी, अथणीकडच्या काळ्या मातीत पावसाळाभर पाणी साचून राहते. तेथे फूटभर उंचीचा वरंबा करून, कुंडीत माती होती त्याच पातळीवर रोप बसवावे. लागवड जूनच्या सुरुवातीला केल्यास थंडीपूर्वी मुळांना चार महिने मिळतात.

पाने पिवळी पडली की युरिया टाकणे ही सर्वत्र आढळणारी सवय आहे. आधी कोणती पाने बिघडली आहेत ते पाहावे. जुन्या पानांवर पिवळे-नारिंगी ठिपके असतील आणि टोके करपत असतील, तर बहुधा पालाश (पोटॅशियम) कमी आहे. जुन्या पानाच्या कडेने रुंद पिवळा पट्टा आणि मध्यभाग हिरवा असेल, तर मॅग्नेशियम. नवी पाने आखूड, कुरतडल्यासारखी आणि करपट निघत असतील, तर मँगेनीजचा संशय घ्यावा, जे चुनखडीच्या जमिनीत आणि बोअरवेलच्या जड पाण्यावर मुळांना सहज मिळत नाही. पालाश कमी असताना नत्र (युरियातील नायट्रोजन) वाढवले तर दुखणे बळावते, आणि नुसते एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) टाकत राहिल्यानेही पालाशाचा तोल आणखी ढळतो. खत दिल्यानंतर जुने पान पुन्हा हिरवे होईल अशी अपेक्षा ठेवू नये. सुधारणा दिसेल ती नव्या पानांत, काही महिन्यांनी. म्हणून मी कुंडीगणिक तारखांची वही ठेवतो, आणि घरचे तिला माझी रोजकीर्द म्हणतात.

सणापूर्वीच्या साफसफाईत माळी अर्धवट पिवळी पानेही छाटतो, तेही थांबवावे. त्या पानांतील पालाश झाड वर ओढून घेत असते. पान छाटले की पालाश पुढच्या पानातून ओढले जाते. पूर्ण वाळलेलेच पान काढावे, आणि खोडावर कोयता लागू देऊ नये, कारण पामाच्या खोडावरची जखम साल धरून भरून येत नाही.

उघडलेल्या पानांत कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसले, तर तो गेंडा भुंगा आहे. त्याच्या अळ्या शेणखतात वाढतात, तेव्हा उकिरडा बागेपासून दूर ठेवावा, खत वर्षातून एकदा तरी उलथून अळ्या वेचाव्यात, आणि लहान झाडांच्या कोंबाजवळच्या बेचक्यांत डांबराच्या गोळ्या घालून वर वाळू टाकावी.

कोंब ओढताच निघून आला आणि त्याला कुजका वास असला, तर सडका भाग काढून पोकळी कोरडी करावी, ताम्रयुक्त बुरशीनाशक घालावे आणि वरून पाऊस लागणार नाही अशी सोय करावी. येथे खरी कसोटी धीराची असते. वाढीचा शेंडा जिवंत असेल, तर तीन ते सहा महिन्यांनी वाकडेतिकडे का होईना, पान येते.

बियांच्या बाबतीत दोन गोष्टी सांगतो. बहुतेक पामांचे बी वाळले की मरते, म्हणून ते गर काढून ओलसर कोकोपीटमध्ये आणावे आणि थंडी सरल्यावर पेरावे; भेरली माडाच्या (फिशटेल पाम) फळाचा गर काढताना हातमोजे घालावेत, अन्यथा खाज सुटते. बिस्मार्क आणि श्रीताळ (तालिपोट पाम) यांचा अंकुर आधी खोल खाली जातो आणि पान त्यानंतर वर येते, त्यामुळे उथळ ट्रेमध्ये तो तळाशी अडकून वाकतो. फूटभर खोल पिशवी वापरावी. खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्यातून रोपे किंवा बिया उचलून आणणे हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि भेरली माडाचे बी गावातल्या झाडाखाली हवे तेवढे पडलेले असते.