५५० विरुद्ध शून्य : जुन्या हंगामाची वही कशी मांडावी

मी मूळची कोल्हापूरची. फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम आणि तालमींच्या मॅचेस, एवढंच ठाऊक. अमेरिकेत ॲन आर्बरला, म्हणजे मिशिगन विद्यापीठाच्या गावी, राहायला आल्यावर चेंडू हातात घेऊन पळायचा अमेरिकन फुटबॉल समजून घेतला, आणि मिशिगन विद्यापीठाच्या १९०१ च्या संघानं मला जे धरून ठेवलं ते आजतागायत. अकरा सामने, अकरा विजय, ५५० गुण कमावले, एकही दिला नाही. असा एखादा जुना हंगाम तुम्हाला मुळापासून समजून घ्यायचा असेल, तर मी कशी गेले ते सांगते.

आधी वहीचं एक पान आखा : तारीख, समोरचा संघ, गाव, गुण, आणि शेवटी एक मोकळा रकाना. माझ्या पानावर अल्बियन ५०, केस ५७, इंडियाना ३३, नॉर्थवेस्टर्न २९, बफेलो १२८, कार्लाइल २२, ओहायो स्टेट २१, शिकागो २२, बेलॉइट ८९, आयोवा ५०, स्टॅनफर्ड ४९. बेरीज ५५०. बेरीज जुळल्याशिवाय पुढं जायचं नाही. जुळली नाही तर एखादा सामना सुटलाय किंवा आकडा चुकलाय.

गावाचा रकाना लोक सोडून देतात. तो भराच. कार्लाइलशी सामना डेट्रॉइटला, ओहायो स्टेटशी कोलंबसला, आयोवाशी शिकागोत, स्टॅनफर्डशी पॅसाडिनाला. उरलेले सात घरच्या मैदानावर, आणि ५५० पैकी ४०८ गुण त्या सातांतच. हे दिसलं की संघाबद्दलचा आदर कमी होत नाही, पण १२८ आणि ८९ हे आकडे कुठून आले ते कळतं.

आता नियम. इथं घाई करू नका. तेव्हा टचडाउनला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपार नेण्याला, पाचच गुण होते, सहा झाले १९१२ पासून. मी सुरुवातीला सहा धरले होते. मिशिगनच्या नील स्नोनं पॅसाडिनात पाच टचडाउन केले, त्याचे माझ्याकडे ३० व्हायचे आणि सामन्याचा हिशेब लागायचाच नाही. २५ धरल्यावर लागला. फील्ड गोललाही, म्हणजे चेंडू लाथेनं गोलखांबांमधून मारण्यालाही, तेव्हा पाच गुण. तीन डाऊनमध्ये, म्हणजे तीन प्रयत्नांत, पाच यार्ड पुढं सरकायचं. मैदान ११० यार्ड लांब. फॉरवर्ड पास, म्हणजे चेंडू हातानं पुढं फेकणं, नाहीच, तो १९०६ ला आला. म्हणजे हे सगळे गुण धावून, रेटून आणि लाथेनं मिळवलेले. सामन्याच्या चार पाळ्या नसत, दोन अर्ध असत, आणि ते किती मिनिटांचे हे खेळाआधी ठरायचं. म्हणून शेवटचा मोकळा रकाना मिनिटांचा. बातमीत वेळ सापडेल तिथं टिपून ठेवा, नाहीतर दोन सामन्यांची तुलना करता येणार नाही.

मग माणसं. प्रशिक्षक फील्डिंग योस्ट त्याच वर्षी मिशिगनला आले. आदल्या हंगामात ते स्टॅनफर्डला होते. तिथं प्रशिक्षक आपलाच माजी विद्यार्थी हवा असा नियम झाला आणि त्यांना जागा सोडावी लागली. धावपटू विली हेस्टनही कॅलिफोर्नियातूनच त्यांच्यामागं आला. एक खेळी संपून पोरं उठतायत तोवर पुढच्या खेळीचा इशारा व्हायला हवा, असा योस्टचा आग्रह असे. कोष्टकातले मोठे आकडे मला ह्या वेगाशिवाय समजलेच नसते.

सामन्याची बातमी दोन्ही बाजूंची वाचा. विद्यार्थ्यांच्या ‘मिशिगन डेली’चे जुने अंक डिजिटल झालेत, फुकट पाहता येतात, विद्यापीठाच्या बेंटली ग्रंथालयात संघाची कागदपत्रं आहेत, इतर शहरांची कितीतरी वर्तमानपत्रं अमेरिकी काँग्रेस ग्रंथालयाच्या संग्रहात आहेत. घरचं वर्तमानपत्र कौतुक करतं, हरलेल्या गावचं वर्तमानपत्र कुठं काय मोडलं ते सांगतं. मला दुसरं जास्त उपयोगी पडलं.

‘राष्ट्रीय विजेते’ हा शब्द मात्र वहीत जपून लिहा. त्या काळी विजेता ठरवणारी स्पर्धाच नव्हती. असे किताब पुष्कळदा नंतरच्या लोकांनी मागं वळून दिलेत. त्याच वर्षी हार्वर्डनंही बाराच्या बारा सामने जिंकले होते, आणि हे दोन संघ एकमेकांशी खेळलेच नाहीत.

पॅसाडिनाचा सामना १ जानेवारी १९०२ चा, तरी हंगाम १९०१ चाच; तो त्याच पानावर घ्या. हाच पहिला रोझ बोल, म्हणजे पॅसाडिनातला नव्या वर्षाचा फुटबॉल सामना. समोर योस्टचं जुनं स्टॅनफर्ड. आठ मिनिटं बाकी असताना ४९-० वर स्टॅनफर्डच्या कर्णधारानं खेळ थांबवायची विनंती केली आणि खेळ थांबला. मिनिटांच्या रकान्यात मी ‘आठ शिल्लक’ एवढंच लिहिलंय. आयोजकांनी पुढं फुटबॉल सोडून रथांच्या शर्यतीसुद्धा लावल्या. तिथं नव्या वर्षाचा पुढचा फुटबॉल सामना व्हायला १९१६ उजाडलं.