भारताच्या ज्युनियर फुटबॉल टीमचा रेकॉर्ड कसा लिहून काढायचा

सगळ्यात आधी वयोगट वेगळे करा राव, नाहीतर नुसती खिचडी होते, म्हणजे १९७४ ला बँकॉकमध्ये इराणशी आशियाई युथ स्पर्धेची फायनल २-२ खेळून जॉइंट चॅम्पियन झालेली आपली युथ टीम वेगळी आणि २०१७ च्या वर्ल्ड कपची अंडर-१७ वेगळी. मग प्रत्येक मॅचला एक ओळ: तारीख, समोरची टीम, स्कोअर. २०१७ चं बघा, अमेरिका ०-३, कोलंबिया १-२, घाना ०-४, म्हणजे मॅच ३, हार ३, गोल केले १ आणि खाल्ले ९. पण गोलचं मिनिट पण टाकाच. जिक्सन सिंगने ८२व्या मिनिटाला कॉर्नरवर हेडर मारला, वर्ल्ड कपमधला भारताचा पहिला गोल, आणि आनंद पुरता व्हायच्या आत कोलंबियाने परत लीड घेतली! नुसत्या १-२ मध्ये हे कुठं दिसतंय? आणि हो, पेनल्टी शूटआउटला गेलेली मॅच ड्रॉमध्येच धरायची.