जुन्या फोर-व्हील-ड्राइव्हचं पुढचं व्हील बेअरिंग बदलताना

गॅरेजमध्ये नव्याने आलेल्या पोरापोरींना शिकवायला मला सगळ्यात आवडणारं काम म्हणजे जुन्या फोर-व्हील-ड्राइव्हच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग बदलणं. एका हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरणाऱ्या भागात, ब्रेक, अ‍ॅक्सल, सील, ग्रीस, ठोकून बसवलेले भाग आणि मोजमाप असं सगळं हाताखालून जातं. महागडी यंत्रं लागत नाहीत. काम जमलं की नाही हे गाडीच सांगते, त्यासाठी कुणाच्या शाबासकीची वाट बघावी लागत नाही.

इथे सांगतोय ते जुन्या रचनेबद्दल: स्पिंडलवर, म्हणजे न फिरणाऱ्या पोकळ दांड्यावर, बसलेला हब, आत एक आणि बाहेर एक अशी दोन टेपर (निमुळत्या) रोलर बेअरिंगं, आणि त्यांना धरून ठेवणारे दोन नट. टोयोटा लँड क्रूझरच्या 60, 70 आणि 80 मालिका, जुन्या लँड रोव्हर, सीजे जीप यांत थोड्याफार फरकाने हेच सापडतं. पण सगळ्या जुन्या गाड्या अशा नसतात. 1984 पासून आलेल्या जीप चेरोकी एक्सजेमध्ये पुढचं बेअरिंग हबसकट बंद युनिट असतं. ते पूर्ण बदलायचं आणि नट सांगितलेल्या टॉर्कला (पिळाच्या जोराला) आवळायचा, बेअरिंगची ढिलाई जुळवण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणून पाना उचलण्याआधी आपल्या गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल उघडून हबचं चित्र बघून घ्या.

त्याहीआधी दुखणं बेअरिंगचंच आहे ना, हे ठरवा. बेअरिंगचा आवाज घुमणारा असतो आणि तो गाडीच्या वेगाबरोबर चढतो-उतरतो. गिअर बदलला, क्लच दाबला तरी त्यात फरक पडत नाही. गाडी डावीकडे वळवली की भार उजव्या चाकावर जातो. त्या वेळी आवाज वाढला तर संशय उजव्या बाजूवर. मात्र उंच-सखल झिजलेला टायरही अगदी असाच घुमतो. शंका असेल तर पुढचे टायर मागे लावून फेरी मारा. आवाज टायरबरोबर मागे गेला तर बेअरिंगला हात लावायची गरज नाही.

मग चाक उचलून घड्याळातल्या 12 आणि 6 च्या जागी दोन्ही हात ठेवून हलवा. ढिलाई लागली की सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली तर ती बेअरिंगची. राहिली तर दुखणं चाक ज्यावर वळतं त्या सांध्यात, म्हणजे किंगपिनच्या बेअरिंगमध्ये किंवा बॉल जॉइंटमध्ये आहे. 3 आणि 9 च्या जागी धरल्यावरच हलत असेल तर आधी टाय रॉडचे (स्टिअरिंगच्या आडव्या दांड्याचे) एंड तपासा. पुढे कॉइल स्प्रिंग असेल तर आणखी एक युक्ती आहे: एक हात स्प्रिंगवर ठेवा आणि दुसऱ्याने चाक सावकाश फिरवा. कानाला ऐकू न येणारी खरखर स्प्रिंगमधून बोटांना कळते.

आता बेअरिंगची रचना समजून घ्या, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. टेपर रोलर बेअरिंगचं पेटंट हेन्री टिमकेन यांनी 1898 मध्ये घेतलं आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. रोलर निमुळते असतात, म्हणून ते गाडीचं वजनही पेलतात आणि वळणावर चाकाला बाजूने बसणारा रेटाही. पण एक टेपर बेअरिंग रेटा एकाच दिशेने घेऊ शकतं. त्यामुळे दोन बेअरिंगं एकमेकांसमोर उलट तोंडाने बसवावी लागतात आणि त्यांच्यातलं अंतर नटाने जुळवावं लागतं. आतलं बेअरिंग बहुधा मोठं असतं, कारण चाकाच्या भाराची रेषा त्याच्या जवळून जाते. जास्त बाहेर निघणारे रिम लावले की ही रेषा बाहेर सरकते आणि छोट्या बेअरिंगवर ताण येतो. ज्या गाडीचे रिम बदललेत तिचं बाहेरचं बेअरिंग म्हणूनच जरा जास्त बारकाईने बघावं.

रोलर ज्या आतल्या कडीवर बसतात तिला कोन म्हणतात आणि हबमधल्या बाहेरच्या कडीला कप. कप हबमध्ये ठोकून घट्ट बसवलेला असतो, कोन मात्र स्पिंडलवर हाताने सरकतो. नवशिक्यांना कोन सैल वाटतो आणि ते घाबरतात. तो तसाच असायला हवा. हब फिरतो तेव्हा भार कपाच्या संपूर्ण घेराभोवती फिरत राहतो. कप जरा सैल असला तर तो हबमध्ये सरकत सरकत घर खाऊन टाकेल. कोनावर मात्र भार नेहमी एकाच बाजूने येतो, शिवाय नट आवळताना तो सरकावाच लागतो.

खोलायच्या कामात फार अवघड काही नाही, पण क्रम पाळा. गाडी सपाट जागेवर घ्या, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा, चाकाचे नट जमिनीवर असतानाच ढिले करा आणि अ‍ॅक्सलखाली स्टँड दिल्याशिवाय हात घालू नका. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून काम करणाऱ्याला मी माझ्या शेजारी उभं करत नाही. कॅलिपर (ब्रेक पॅड धरणारा भाग) काढला की तारेने वर बांधा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका. मग फ्रीव्हील हबचं, म्हणजे चाक शाफ्टला जोडणाऱ्या-सोडवणाऱ्या भागाचं, झाकण, शाफ्टच्या टोकाची सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) आणि फ्रीव्हील हबचा सांगाडा काढा. लँड क्रूझरमध्ये इथे स्टडवर चिरलेले शंकूच्या आकाराचे वॉशर असतात. ते पान्याने निघत नाहीत. स्टडच्या आसपास पितळी दांड्याने ठोकलं की टुणकन बाहेर येतात. हातोडी थेट स्टडवर मारली तर आटे जातात.

पुढे लॉक वॉशरची दुमडलेली कड सरळ करायची आणि नट काढायचे. इथे योग्य मापाचा बॉक्स पाना हवाच: लँड क्रूझरला 54 मिलिमीटरचा, जुन्या लँड रोव्हरला 52 चा. छिन्नी लावून नट फिरवायची सवय अनेक ठिकाणी दिसते. त्याने नटाचे कोपरे उडतात आणि लोखंडाचे बारीक कण नेमके नव्या बेअरिंगमध्ये जाऊन बसतात. हब ओढताना अंगठा बाहेरच्या बेअरिंगवर ठेवा, नाहीतर ते धुळीत पडेल.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि घाईत तोच गाळला जातो. जुनं बेअरिंग फेकू नका, वाचा. आधी ग्रीस बघा. दुधट पांढरं झालं असेल तर पाणी शिरलंय. तापलेला हब नाल्याच्या गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी ओढून घेते, त्यामुळे पाण्यातून जाणाऱ्या गाड्यांत हे हमखास सापडतं. ग्रीस पातळ झालं असेल आणि त्याला गिअर ऑईलचा उग्र वास येत असेल तर अ‍ॅक्सलचं आतलं सील गळतंय. ते सील न बदलता नवं बेअरिंग घातलं तर नवं ग्रीसही तसंच वाहून जाईल.

मग कप आणि रोलर डिझेलने किंवा घासलेटने धुऊन फडक्याने पुसा आणि उजेडात तिरके धरा. कपावर एका बाजूला पापुद्रे उडून खड्डे पडले असतील तर धातू थकला आहे. रोलरच्या अंतरावर एकसारखे खळगे असतील तर हबला कधीतरी जोराचा दणका बसलाय किंवा कप बसवताना चुकीच्या जागी ठोकलं गेलंय. त्याच अंतरावर तांबूस-काळ्या रेघा असतील तर गाडी ओल शिरलेली असताना बराच काळ उभी होती. निळसर-जांभळा रंग म्हणजे उष्णता: नट फार आवळला होता, ग्रीस कमी होतं किंवा ब्रेक चिकटत होता. कपावर धोबीघाटाच्या दगडासारख्या बारीक आडव्या पन्हळी दिसल्या तर विचारा, गाडीवर कधी वेल्डिंग झालं होतं का? अर्थची पकड लांब लावली की वेल्डिंगचा करंट बेअरिंगमधून जातो आणि अशा खुणा सोडतो. डोळ्याला सगळं चकचकीत दिसलं तरी नखाचं टोक कपावरून सावकाश फिरवून बघा. नख अडलं की तो कप गेला. आणि धुतलेलं बेअरिंग काँप्रेसरच्या हवेने गरगर फिरवून वाळवू नका. ग्रीस नसलेलं बेअरिंग त्या वेगाने तुटून रोलर अंगावर उडू शकतात.

कप आणि कोन नेहमी जोडीनेच बदला. दोघांवर वेगवेगळे नंबर कोरलेले असतात. ते दोन्ही लिहून घ्या आणि नव्या खोक्यावरच्या नंबरांशी पडताळा. हबमध्ये कपाच्या मागे खाचा असतात, तिथून पितळी दांडा लावून समोरासमोर आळीपाळीने थोडं थोडं ठोकत कप काढा. घर पुसा, आत बोट फिरवा. कप हबमध्ये फिरल्याच्या खुणा असतील आणि नवा कप हाताने आत जात असेल तर हब बदला. पंचाने घरात ठिपके मारून किंवा पत्र्याची चकती घालून कप अडवू नये, असं माझं ठाम मत आहे. स्पिंडलही तपासा. कोन बसतो तिथे नखाला लागणारी पायरी पडली असेल, किंवा सील घासतं तिथे खोल चर गेला असेल, तर नुसतं बेअरिंग बदलून भागणार नाही.

नवा कप काही तास फ्रीझरमध्ये ठेवला की किंचित आकसतो आणि सोपा जातो. जाड कड आत, रुंद उघडं तोंड बाहेर. ठोकायला जुना कप वापरता येतो, पण त्याचा बाहेरचा घेर आधी थोडा घासून कमी करा, म्हणजे तो आत अडकणार नाही. ठोकताना कान उघडे ठेवा: कप सरकत असतो तोवर ठोका पोकळ येतो, तळाला टेकला की आवाज एकदम भरीव, घट्ट होतो. तरीही खाचांतून फीलर गेजचं (फट मोजायच्या पात्यांच्या संचाचं) सगळ्यात पातळ पातं घालून बघा. ते कुठेच कपाखाली शिरता कामा नये.

ग्रीस व्हील बेअरिंगचंच हवं, एनएलजीआय 2 या घट्टपणाचं (ग्रीसचा घट्टपणा सांगणारा हा क्रमांक डब्यावर असतो). डब्यावर जीसी-एलबी अशी खूण असेल तर ते चाकाच्या बेअरिंगलाही चालतं आणि चॅसिसलाही. जुनं ग्रीस पूर्ण पुसून काढा, कारण ग्रीसमध्ये तेलाला घट्ट करणारा साबण असतो आणि वेगवेगळ्या साबणांची ग्रीसं एकत्र आली की काही जोड्या पातळ होऊन वाहतात. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्या आणि बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत ओढा, वरच्या फटीतून ग्रीसच्या अळ्या बाहेर येईपर्यंत. मग बेअरिंग थोडं फिरवून पुढचा भाग. कपांवर पातळ थर द्या. हबच्या पोकळीत मॅन्युअल सांगेल तेवढंच भरा. ठासून भरलं तर घुसळून हब तापतो. फ्रीव्हील हबच्या आत तर पातळ हातच पुरे, जास्त झालं की आतली कडी सरकायला जड जाते. सीलच्या ओठालाही ग्रीस लावा आणि ते सरळ, न तिरकं होता बसवा.

राहिला नट. इथे कंपन्यांची मतं वेगळी आहेत. काही बेअरिंगवर थोडा दाब मागतात, ज्याला प्रीलोड म्हणतात. काही उलट मिलिमीटरच्या काही शतांश इतकी ढिलाई मागतात आणि ती डायल गेजने (सूक्ष्म हालचाल काट्यावर दाखवणाऱ्या उपकरणाने) मोजायला सांगतात. एका गाडीचं माप दुसरीला लावलं की बेअरिंग जळतं किंवा चाक लटपटतं. पद्धत साधारण सारखी: आतला नट बऱ्यापैकी आवळायचा आणि तो आवळत असतानाच हब दोन्ही दिशांनी फिरवत राहायचा, म्हणजे रोलर कोनाच्या कडेला नीट टेकतात. मग नट ढिला करून मॅन्युअलच्या आकड्याने पुन्हा हलका आवळायचा. हब न फिरवता आवळलात तर पहिल्या काही किलोमीटरमध्ये रोलर आपापली जागा घेतात आणि ढिलाई परत येते.

प्रीलोड मोजायला साधा स्प्रिंगचा वजनकाटा लागतो. चाकाच्या स्टडला हुक अडकवा, घेराच्या दिशेने सावकाश ओढा आणि हब फिरायला लागतो तेव्हाचा आकडा वाचा. काही मॅन्युअलमध्ये तो 3 ते 6 किलोच्या आसपास असतो. ब्रेक पॅड त्या वेळी लावलेले नसावेत, नाहीतर तुम्ही ब्रेकचं घर्षण मोजाल. अनुभवी हाताला हा अंदाज येतो हे खरं, पण शिकणाऱ्याने आधी हाताने अंदाज करावा आणि लगेच काटा लावून ताडून बघावं. दर वेळी असं केलं की हात तयार होतो.

नंतर नवा लॉक वॉशर, बाहेरचा नट, आणि मग पुन्हा मोजमाप. हे पुन्हा मोजणं टाळू नका. बाहेरचा नट आवळला की आट्यांतली सूक्ष्म मोकळीक संपते आणि आधीची जुळवणी बदलते. बदललेली दिसली तर सगळं ढिलं करून पुन्हा करायचं. वॉशरची एक कड आतल्या नटावर आणि एक बाहेरच्या नटावर दुमडली की ते काम संपलं. चाक लावण्याआधी ब्रेकचं पेडल काही वेळा दाबून पॅड जागेवर आणा.

फेरी मारून आल्यावर दोन्ही हबवर तळहात ठेवा. कोमट असणं ठीक. एक दुसऱ्यापेक्षा खूप गरम, हात ठेववत नाही इतका, असेल तर नट घट्ट झालाय किंवा ब्रेक धरतोय. गाडी मालकाला देऊ नका. काही शे किलोमीटर चालल्यावर गाडी परत बोलवा, चाक उचलून 12 आणि 6 ची तपासणी पुन्हा करा, आणि जॉब कार्डवर किलोमीटर, दोन्ही बेअरिंगांचे नंबर आणि काट्यावरचा आकडा लिहून ठेवा. पुढच्या वेळी तो हब उघडणाऱ्याला, मग ते तुम्ही असा की आणखी कुणी, तिथून सुरुवात करता येईल.