विक्री प्रतिनिधींचा उत्साह टिकवण्यासाठी व्यवस्थापकांनी काय करावे

विक्रीच्या कामात नकार रोजचाच असतो आणि दिवसभर नकार पचवून आलेल्या माणसाला केवळ जोशपूर्ण भाषणाने उभारी येत नाही. म्हणून एखादा प्रतिनिधी मंदावल्याचे जाणवले, तर आधी त्याचे कारण शोधावे. त्यासाठी मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर व्रूम यांनी 1964 मध्ये मांडलेला अपेक्षा सिद्धांत आजही उपयोगी पडतो. कष्ट केले तर काम साधेल, काम साधले तर मोबदला मिळेल आणि तो मोबदला आपल्याला हवासा असेल, या तिन्ही गोष्टी पटल्या तरच माणूस जीव ओतून काम करतो. यांपैकी कोणता विश्वास उडाला आहे, हे व्यवस्थापकाने पाहावे.

बहुतेक वेळा गडबड टार्गेटपासूनच सुरू होते. जुन्या, भरवशाच्या ग्राहकांचा एरिया आणि नव्याने उघडलेला एरिया यांना एकच आकडा लावणे अन्यायाचे आहे. मागणी, हंगाम आणि हाती असलेल्या लीड्स (संभाव्य ग्राहक) लक्षात घेऊन टार्गेट ठरवावे आणि तो आकडा कसा आला हे प्रतिनिधीला मांडून दाखवावे. याहून घातक सवय म्हणजे ज्याने या तिमाहीत टार्गेट ओलांडले, त्याचाच आकडा पुढच्या तिमाहीत सर्वांत जास्त वाढवणे. असे एकदोनदा झाले की चांगला प्रतिनिधी टार्गेट पूर्ण होताच हातातली ऑर्डर पुढच्या महिन्यासाठी राखून ठेवू लागतो. त्याला कामचुकार म्हणू नये, कारण हे गणित त्याला आपल्याच पद्धतीने शिकवलेले असते.

इन्सेन्टिव्हचे नियम इतके सोपे असावेत की प्रतिनिधीला आपला हिशेब स्वतः मांडता यावा. रक्कम ठरल्या तारखेला द्यावी आणि वर्षाच्या मध्येच नियम बदलू नयेत. पैशाखेरीज कोणाला मोठे ग्राहक सांभाळायचे असतात, तर कोणाला पुढे टीम चालवायची असते. हे अंदाजाने न ठरवता विचारून घ्यावे.

माझ्या मते व्यवस्थापकाची खरी कसोटी लागते ती हातची ऑर्डर गेल्यावर. अशा वेळी सर्वांसमोर जाब विचारणे टाळून त्याच आठवड्यात एकट्याशी बसावे आणि क्रमाने विचारावे: कोटेशन कधी गेले, पहिला फॉलो-अप किती दिवसांनी झाला, किमतीचा विषय कोणत्या भेटीत निघाला आणि समोरच्या बाजूने निर्णय नेमका कोण घेणार होता? अनेकदा असे निघते की ज्याच्याशी महिनाभर बोलणी चालली होती, त्याच्या हाती निर्णयच नव्हता. मग "कमी पडलास" असे मोघम बोलण्याऐवजी पुढच्या ग्राहकाकडे पहिल्याच भेटीत काय विचारायचे, हे दोघांनी मिळून ठरवता येते. त्या भेटीला व्यवस्थापकाने सोबत जरूर जावे, पण बोलणी आपल्या हातात घेऊ नयेत. ग्राहकासमोर बाजूला सारला गेलेला प्रतिनिधी पुढे त्या ग्राहकाकडे अधिकाराने बोलू शकत नाही.

रिव्ह्यूमध्ये फक्त झालेली विक्री न मोजता भेटी, नव्या लीड्स आणि दिलेली कोटेशन्सही पाहावीत, कारण ऑर्डर मिळणे पूर्णपणे प्रतिनिधीच्या हाती नसते, प्रयत्न मात्र असतात. शेवटी, प्रतिनिधींकडून भरून घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक रिपोर्टचा उपयोग कोण करतो, हे एकदा तपासावे आणि जे कोणी वाचतच नाही ते बंद करून तो वेळ त्यांना ग्राहकांसाठी मोकळा करून द्यावा.