मेनच्या बेटांमध्ये शिडाची बोट: दोघांनी आठवडा कसा काढावा

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या मेन राज्याचा किनारा म्हणजे ग्रॅनाइटची खडपं, त्यावर स्प्रूसची झाडं आणि समोर बेटंच बेटं. त्यातला पेनॉब्स्कॉट उपसागर दोघांच्या पहिल्या सफरीला बरा, कारण संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या बेटाचा आडोसा मिळतोच. मी आणि नवरा तिथे बोट भाड्याने घेऊन जातो. शिडं सांभाळता येतात असं धरून पुढचं लिहिते.

आधी महिना ठरवा. जून-जुलैत धुकं जास्त, ऑगस्टच्या उत्तरार्धात जरा कमी. बोट 30 ते 34 फुटांची पुरे.

मग रस्ता. रॉकलंड बंदरातून निघायचं, नॉर्थ हेवन आणि व्हायनलहेवन या बेटांमधल्या फॉक्स आयलंड्स थरफेअर या खाडीतून पलीकडे, तिथून स्टोनिंग्टन गावासमोरच्या मर्चंट्स रो या बेटांच्या गर्दीत. हवा चांगली असेल तर आयल ओ हो हे बेट. उन्हाळी वारा बहुतेक नैर्ऋत्येचा. पूर्वीची जहाजं त्याच वाऱ्यावर पूर्वेकडे, म्हणजे वाऱ्याच्या ‘खाली’, जायची, म्हणून या भागाला ‘डाऊन ईस्ट’ म्हणतात. दिवसाला 10-15 सागरी मैल ठेवा, जास्त नको.

एक सवय मोडावी लागते. मुंबई बंदरात शिरताना लाल बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) डाव्या हाताला असतो; अमेरिकेत उजव्या. सुकाणूजवळ चिठ्ठी चिकटवून ठेवा.

आता लॉबस्टरचे सापळे. (आपल्या शेवंडांना नांग्या नसतात, इथल्यांना चांगल्या जाड असतात.) प्रत्येक सापळ्याच्या दोरीला रंगीत तरंगता बोया असतो, रंग ज्या त्या मच्छीमाराचे. पाण्याला ओढ असेल तर बोया एका बाजूला कलतो आणि दोरी ओढीच्या वरच्या अंगाला पसरते. म्हणून बोयाच्या खालच्या अंगाने जा, म्हणजे ओढ ज्या दिशेला चालली आहे त्या बाजूने. काही ठिकाणी बोयाच्या जोडीला दोरीवर एक छोटा बोया असतो. त्या दोघांच्या मधून गेलात तर दोरी पंख्याला गुंडाळलीच समजा. तसं वाटलं की आधी इंजिन न्यूट्रलला.

नांगर टाकणं हे खरं काम. इथे भरती-ओहोटीत साधारण 10 फुटांचा फरक, उधाणाला त्याहून जास्त. हिशेब असा: ओहोटीला पाणी 12 फूट, वर भरतीचे 10, बोटीच्या नाळेची (पुढच्या टोकाची) पाण्यापासून उंची 4. झाले 26. साखळी असेल तर त्याच्या पाचपट, म्हणजे 130 फूट सोडायची. एवढ्या घेरात बोट फिरेल, तेव्हा शेजारच्या बोटी आणि खडक बघूनच जागा निवडा.

आम्ही एकदा संध्याकाळी ऐन भरतीला पोचलो, खोली मोजायच्या यंत्रावर 14 फूट दिसले आणि खूश होऊन झोपलो. रात्री बाराच्या सुमारास ओट्यावरची चहाची भांडी घसरत एका बाजूला जमली. बोट चिखलात टेकून कलली होती. 14 मधून 10 गेले की 4 उरतात, हे दोन इंजिनिअरांना सुचलं नव्हतं. भरती येईपर्यंत तिरक्या पलंगावर एकमेकांकडे न बघता बसलो.

नांगराच्या वेळी ओरडाओरडही नको. इंजिनच्या आवाजात ऐकू येत नाही आणि भांडण तेवढं लागतं. पुढे, हळू, थांब, मागे, एवढ्या हाताच्या खुणा धक्क्यावरच ठरवा. नांगर आणि सुकाणू आलटून पालटून घ्या, म्हणजे समोरच्याचं काम सोपं वाटत नाही.

धुकं पडतं ते उबदार वारा थंड पाण्यावरून आल्याने. भर जुलैत पाणी 15 अंशांच्या आसपास असतं. धुकं दिसताच वेग कमी करा, लाइफ जॅकेट घाला, एकाने फक्त कान देऊन पुढे बसावं. शिडांवर असाल तर भोंगा एक लांब, दोन आखूड, दर दोन मिनिटांच्या आत. इंजिनवर असाल तर एकच लांब. रॉकलंडहून बेटांकडे जाणाऱ्या फेरी बोटी धुक्यातही चालू असतात, त्यांच्या वाटेत रेंगाळू नका. शक्यतो नांगर उचलूच नका. दुसरा चहा ठेवा.

परतीला तोच नैर्ऋत्येचा वारा नाकासमोर येऊ पाहतो. त्यात एखादा दिवस धुक्यात जातो. म्हणून बोट शनिवारी परत द्यायची असेल तर गुरुवारी रात्री थरफेअरमध्ये येऊन थांबा.