मातीचा बांध स्वतःचा असेल तर या चुका टाळा (सांडव्यात पोती टाकणाऱ्यांनी आधी वाचा)

जून जवळ आला की मला तीन-चार तरी फोन येतात, "दादा, बांध जरा बघून जाता का?" गेलं की तेच. तीच वेडी बाभूळ, त्याच घुशी, तोच बुजलेला सांडवा, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी बाजूनं निघून जायची वाट. मोहोळ तालुक्यात ओढ्यावर माझा स्वतःचा मातीचा बांध आहे, वीसेक वर्षं सांभाळतोय. इंजिनिअर नाही, पण माती हाताला कळते.

पहिलं म्हणजे "आपल्याकडं पाऊसच कुठाय" हे डोक्यातनं काढा. सोलापुरात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, कबूल, पण तो काय हप्त्याहप्त्यानं येत नाही. १४ ऑक्टोबर २०२० ची अतिवृष्टीची रात्र आठवा.

त्याच रात्री माझ्या चुलतभावाचा बांध गेला. उंची जेमतेम चौदा फूट. त्यानं काय केलं होतं, तर उसाला मार्चमध्ये पाण्याच्या दोन पाळ्या जास्त मिळाव्यात म्हणून सांडव्यात युरियाची रिकामी पोती मातीनं भरून दीड फुटाचा थर लावलेला. दोन वर्षं काय झालं नाही, मग काय, हुशारीच ठरली ती! मी दोनदा म्हणलं काढ, तर म्हणे "सांडवा वाहतोय कधी, दादा?" सांडव्यापासून माथ्यापर्यंत तीन फूट मोकळे ठेवलेले होते, त्यातले दीड पोत्यांनी खाल्ले. वर माथ्यावरनं रोज ट्रॅक्टर जायचा, त्यानं मधोमध फूटभर घळ पडलेली. राहिलं किती? अर्धा फूट, आणि हे त्याच्याही ध्यानात नव्हतं.

रात्री साडेनऊला बॅटरी आणि खोरी घेऊन आम्ही चौघं सांडव्यावर. पोती निघेनात. वरनं पाचट आणि काटेरी फांद्या येऊन अडकलेल्या, एक पोतं ओढायला दोन माणसं, ते पण मधीच फाटायचं. तेवढ्यात मागच्या बाजूनं धप धप असा ढेकळं पडल्यासारखा आवाज. बॅटरी मारली तर ट्रॅक्टरच्या चाकोरीतनं पाणी पलीकडं चाललेलं, फक्त चार बोटं. चार बोटंच, पण मागचा उतार पायऱ्या पाडल्यागत खालून वर कापत आला. आम्ही लांब झालो. सकाळी वीस फुटांचं खिंडार, खालच्या शेतकऱ्याची मोटर, पाईपलाईन गेली, एकरभर रानाची माती धुऊन मुरूम उघडा पडला. खाली वस्ती नव्हती म्हणून निभावलं. भावानं भरपाई दिली, पण तो शेतकरी अजून बोलत नाही आणि त्याचं चुकतंय असं मला वाटत नाही.

मी काय करतो: मे महिन्यात पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन माथ्याची लेव्हल बघतो, जिथं खोलगट तिथं मुरूम टाकून, पाणी मारून धुमसानं ठोकून घट्ट करतो. सांडवा वर्षातनं दोनदा साफ, मृगाच्या आधी आणि हस्ताच्या आधी. परतीचाच पाऊस आपल्याकडं घात करतो, आणि तेव्हा तलाव आधीच भरलेला असतो. माथ्यावर ट्रॅक्टर? माझा स्वतःचा पण नाही.

दुसरी चूक, बांधाच्या मागं कुणी फिरतच नाही. सगळे पाण्याकडच्या बाजूला उभं राहून फोटो काढतात. अहो, बांध आजारी पडला की मागच्या पायथ्याला कळतं! मार्चमध्ये सगळं रान करपलेलं असताना पायथ्याला एकाच जागी लव्हाळा हिरवागार दिसला की तिथं पाझर आहे समजा. पाझर असला म्हणून लगेच घाबरायचं नाही, मातीचा बांध थोडा पाझरतोच. पाणी नितळ आहे का गढूळ, तेवढं बघा. मी दर रविवारी काचेची बाटली भरून आणतो, मार्करनं तारीख टाकून खिडकीत ठेवतो, बायको वैतागते. तळाला गाळ बसला तर पाण्याबरोबर आतनं बांधाची माती चाललीय. पाझर वाढतोय का हे कळायला एक बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोबाईलवर मोजून लिहून ठेवायचं, बास.

आणि गढूळ दिसलं की लोक काय करतात, काळ्या मातीनं तोंड लिंपतात. हे अजिबात नको. पाणी थांबत नाही, ते आत दाब धरतं आणि दुसरीकडनं फुटतं. त्या जागी आधी जाड वाळू, वर बारीक खडी, त्यावर मोठी खडी असा ढीग करा, म्हणजे पाणी येईल पण माती अडेल. सोबत तलावातलं पाणी कमी करायला घ्या, खालच्या लोकांना फोन करा आणि जाणकार इंजिनिअरला बोलवा.

२ जुलै २०१९ ला चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं, तेव्हा खेकड्यांनी धरण फोडलं असं मंत्री म्हणाले आणि त्यावरून किती विनोद झाले. पण गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या, ते कुणाच्या लक्षात राहिलं? २०२१ चा धरण सुरक्षा कायदा पंधरा मीटरच्या वरच्या आणि दहा ते पंधरामधल्या काही धरणांना लागतो. आपला चौदा फुटी बांध त्यात बसत नाही, म्हणून तपासायला कुणी साहेब येणार नाही.

बाकीचं थोडक्यात. वेडी बाभूळ बोटाएवढी असतानाच उपटा. मोठी झाल्यावर नुसती तोडली तर मुळं कुजून आत नळ्या तयार होतात, मग उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यावर मुळासकट काढून खड्डा थराथरानं ठोकून भरावा लागतो. घुशीच्या बिळाचं पण तसंच, वरनं दगड कोंबणं म्हणजे फसवणूक.

काळी माती माथ्यावर उघडी ठेवू नका, मे महिन्यात कडक भाकरीगत तडकते आणि पहिला पाऊस थेट भेगेत. वर फूटभर मुरूम पाहिजे.

नवीन बांधणाऱ्यांनो, जेसीबीनं दोन दिवसांत ढीग ओतला म्हणजे बांध झाला नाही. सहा ते आठ इंचांचा थर, पाणी, रोलर, मग पुढचा थर. माती हातात घेऊन लाडू वळला पाहिजे, हाताला चिकटला तर पाणी जास्त, फुटला तर कमी. ज्याला घाई आहे त्यानं शेततळ्याला प्लास्टिकचा कागद टाकावा, बांधाच्या नादाला लागू नये.

बांधातनं नंतर चर मारून पाईप घालू नका, पाईपच्या कडेनंच पाणी वाट काढतं. काठावरनं सायफन करा, म्हणजे पाण्यानं भरलेला पाईप बांधावरनं पलीकडं खाली सोडा. आणि गाळ काढायचाय म्हणून चार मोटरी लावून तलाव एका आठवड्यात रिकामा केलात तर आतल्या बाजूचा ओला उतार घसरून खाली बसेल. मी दिवसाला चार-पाच इंचच उतरवतो, तेवढं थांबायचं.